वाफेचा माग

ट्रकच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पेट्रोलच्या टाकीची दोन जादा झाकणं निघाली आणि त्यांच्याखाली नव्या पर्ज व्हॉल्व्हची घडी पडलेली पावती. मेस्त्रींना गाडीचा मागचा इतिहास तेवढ्यावरून कळला. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा आधीच्या मालकानं टाकीचं झाकण बदललं. पुन्हा लागला तेव्हा आणखी एक झाकण आणलं. तरी भागेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून व्हॉल्व्ह टाकला. आणि शेवटी दिवा विझवून ट्रक विकायला काढला.

मेस्त्री मूळचे कोल्हापूरचे. शिवाजी उद्यमनगरात डिझेल पंपांच्या कामावर त्यांचा हात बसला. आता कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावाजवळ त्यांचं गॅरेज आहे. पश्चिमेला अल्टामाँटची खिंड आणि तिच्यापलीकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीचा परिसर, पूर्वेला सेंट्रल व्हॅलीचा सपाट, तापलेला, बदामाच्या बागांचा मुलूख. खिंड ओलांडून रोज कामाला जाणारी बरीच भारतीय कुटुंबं शेजारच्या माउंटन हाउसमध्ये राहतात. त्यांच्यातलाच साताऱ्याचा एक तरुण संगणक अभियंता हा जुना ट्रक घेऊन आला होता. २००४ चं मॉडेल, पुढे केबिन, मागे उघडा हौदा, पेट्रोलवर चालणारं व्ही-एट इंजिन. एका बदाम बागायतदाराकडून त्यानं तो घेतला होता.

"काका, विकणाऱ्यानं स्मॉग सर्टिफिकेट दिलंय. तपासणीत गाडी पास आहे," तो म्हणाला. "मग घरी आणल्यावर लगेच दिवा कसा काय लागला?"

"पास झाली हे खरं आहे," मेस्त्री म्हणाले. "कागदात खोट नाही."

ही गोष्ट त्या तरुणाच्या गळी उतरवायला त्यांना थोडा वेळ लागला. कॅलिफोर्नियात जुनी गाडी विकताना धूर-तपासणीचं प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः गाडीच्या संगणकालाच प्रश्न विचारून होते: दोषाचा दिवा लागला आहे का, स्वतःच्या अंतर्गत चाचण्या तू पूर्ण केल्यास का. स्कॅनरनं दोषाचा कोड पुसला की दिवा विझतो, पण त्याबरोबर या सगळ्या चाचण्यांच्या नोंदीही कोऱ्या होतात. मग गाडी चालवत राहिलं की एकेक चाचणी पूर्ण होत जाते. त्यांतली एकच चाचणी अपुरी असली तरी चालते, आणि ती आहे टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची. ही चाचणी फार सवडीनं होते, तिच्यासाठी लोकांना ताटकळत ठेवू नये, हा या सवलतीमागचा हेतू. पण ज्या गाडीत नेमका वाफेचाच दोष आहे, ती गाडी या फटीतून रीतसर बाहेर पडते. पुढे नव्या मालकाच्या दारात दोन सलग वेळा ती चाचणी फसते आणि दिवा लागतो. २०१० पासूनच्या मॉडेलांना हा रस्ता आता बराचसा बंद झाला आहे, कारण त्यांच्या संगणकात कायमस्वरूपी कोडही राहतो आणि २०१९ पासून तपासणीत तो पाहिला जातो. हा ट्रक त्याआधीचा.

वाफेची एवढी काळजी कशाला, हा प्रश्न गॅरेजमध्ये येणारे बहुतेक लोक विचारतात. गाडी चालते, ओढते, मायलेज देते; मग एका पिवळ्या दिव्यापायी खर्च का करायचा? मेस्त्री या प्रश्नाला कधी उडवून लावत नाहीत, कारण त्याचं उत्तर त्यांच्या दारासमोरच्या हवेत आहे. पेट्रोल उन्हानं तापलं की त्याची वाफ होते. ही वाफ म्हणजे हायड्रोकार्बन. धुराड्यातून आणि कारखान्यांतून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन यांची तिच्याशी गाठ पडली की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो फुप्फुसांना जाळतो. लॉस एंजेलिसच्या तपकिरी धुरक्याचं हे कोडं कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या आसपास उलगडलं. ते त्याआधी अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. फळाचा गंध गोठवून पकडण्याची तीच युक्ती त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. त्यांच्या शोधातून पुढे बरंच काही घडलं. १९७० च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियानं आणि १९७१ पासून सगळ्या अमेरिकेनं टाकीतली वाफ मोकळ्या हवेत सोडायला बंदी केली. म्हणजे बंद करून अंगणात उभी केलेली गाडीसुद्धा हवा बिघडवू शकते, हे कायद्यानं तेव्हापासून मानलं. सेंट्रल व्हॅलीचा दक्षिण भाग तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आहे, हवा तिथं साचून राहते, आणि ओझोनच्या बाबतीत देशातल्या सर्वांत वाईट प्रदेशांत त्याची गणना होते. मेस्त्रींच्या मते अशा ठिकाणी हा दिवा दुर्लक्षून चालणार नाही, आणि ते गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतात.

यंत्रणा तशी साधी. टाकीतली वाफ एका नळीनं कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा. कोळसा वाफ धरून ठेवतो. डब्याला पुढच्या बाजूला पर्ज व्हॉल्व्ह असतो. तो एरवी बंद. इंजिन चालू असताना उघडला की इंजिन ही साठलेली वाफ ओढून जाळून टाकतं. मागच्या बाजूला व्हेंट व्हॉल्व्ह असतो. तो एरवी उघडा. त्यातून बाहेरची ताजी हवा कोळशात शिरते. टाकीवर एक दाबमापक सेन्सर असतो.

चाचणी घेताना संगणक व्हेंट बंद करतो, पर्ज उघडतो आणि इंजिनच्या ओढीनं टाकीत हलकी निर्वात स्थिती तयार करतो. मग पर्जही बंद करून सेन्सरकडे पाहत बसतो. निर्वात टिकली तर सगळं ठीक. हळूहळू ओसरली तर बारीक गळती. साधारण एक मिलिमीटर भोकाएवढी गळती असली की पी०४४२ हा कोड, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला पी०४५६. निर्वात तयारच झाली नाही तर मोठी गळती, पी०४५५. आणि व्हेंट उघडा असतानाच टाकीत ओढ निर्माण झाली, तर हवा आत यायची वाट कुठंतरी तुंबली आहे.

या ट्रकचा कोड होता पी०४४६. म्हणजे व्हेंटची वाट. झाकणाशी त्याचा संबंध नव्हता आणि पर्ज व्हॉल्व्हवरही त्यात थेट बोट नव्हतं. अंदाजपंचे दाहोदरसे सुटे भाग बदलणाऱ्यांवर मेस्त्रींचा राग आहे, आणि तो ते लपवत नाहीत. कोणती चाचणी फसली एवढंच कोड सांगतो. कोणता भाग खराब आहे हे शोधणं माणसाचं काम, आणि त्याचीच मजुरी तो घेतो.

त्यांनी हत्यारांना हात लावण्याआधी तरुणाला एक प्रश्न विचारला. "पंपावर पेट्रोल भरताना नोझल मधेच खटकन बंद होतं का रे?"

"सारखं! मला वाटलं पंपच खराब आहे. दुसऱ्या पंपावर गेलो, तिथंही तेच."

टाकीत पेट्रोल शिरतं तेव्हा आतल्या हवेला आणि वाफेला बाहेर जायला जागा लागते, आणि ती जागा कॅनिस्टर नि व्हेंटमधूनच असते. वाट तुंबली की दाब नळीतून उलट येतो आणि नोझल स्वतःहून बंद होतं. गिऱ्हाइकाच्या सांगण्यातून अर्धं निदान होतं, फक्त योग्य प्रश्न विचारावा लागतो. कोऱ्या कागदावर नुसतं 'दिवा लागतो' असं लिहून घेऊन गाडी आत ढकलणाऱ्या गॅरेजांत हीच गोष्ट हातची जाते.

मग स्कॅनर लावला. कोड पडला त्या क्षणाची नोंद संगणक जपून ठेवतो: इंजिनचं तापमान, वेग, टाकीतली पेट्रोलची पातळी. ती पाहिली. टाकीचं झाकण काढून दाबमापक सेन्सरचं वाचन पाहिलं. ते शून्याजवळ आलं, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्यानंतर स्कॅनरवरून व्हेंट व्हॉल्व्हला बंद-चालू असा हुकूम दिला. मागच्या चाकाजवळून टक्-टक् आवाज आला.

या आवाजापाशी पुष्कळ जण थांबतात. व्हॉल्व्ह वाजतो, म्हणजे चांगला आहे, असं धरून पुढे जातात. पण आवाजावरून फक्त आतलं वेटोळं आणि त्याची वायरिंग ठीक आहे एवढंच कळतं. आतून हवा जाते का, हे तो आवाज सांगत नाही.

ट्रक लिफ्टवर घेतला. या मॉडेलवर व्हेंट व्हॉल्व्ह मागच्या ॲक्सलच्या बाजूला, चॅसीला लागून, जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी होता. मेस्त्रींनी व्हेंटची नळी सोडवली, कॅनिस्टरच्या बाजूनं अगदी कमी दाबाची हवा सोडली आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओला तळहात धरला. काहीच लागलं नाही. व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कपड्यावर हलकेच आपटला तेव्हा पिठासारखी मऊ, तपकिरी धूळ पडली.

ही धूळ कुठली, हे त्या मुलखात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. जगातले सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात, आणि जवळजवळ सगळे या खोऱ्यात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काढणीचा हंगाम. यंत्र झाडाचा बुंधा पकडून गदागदा हलवतं, बदाम जमिनीवर पडतात, काही दिवस तिथंच वाळतात; मग झाडणाऱ्या यंत्रांनी त्यांच्या ओळी लावतात आणि उचलणारं यंत्र ते माती-पाल्यासकट गोळा करतं. त्या दिवसांत बागांवर धुळीचे ढग तरंगतात. त्याच ढगांतून हा ट्रक वर्षानुवर्षं हिंडला होता, आणि चालत्या इंजिननं प्रत्येक वेळी त्या व्हेंटमधून थोडी थोडी हवा आत ओढली होती. अशा धुळीच्या तक्रारी वाढल्यावर काही उत्पादकांनी व्हेंटचं तोंड उंचावर नेणारे, गाळणी असलेले सुधारित संच काढले. पण जुन्या गाडीत कुणीतरी तो बसवल्याशिवाय तो आपोआप येत नाही.

धूळच असते असं नाही. माझ्दा कंपनीनं २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये माझ्दा-६ या मॉडेलच्या हजारो गाड्या परत बोलावल्या त्या कोळ्यांमुळे. पिवळ्या रंगाच्या एका जातीच्या कोळ्याला पेट्रोलच्या वासाची ओढ आहे. तो व्हेंटच्या नळीत शिरून जाळं विणायचा, वाट बंद व्हायची आणि टाकीत इतकी ओढ तयार व्हायची की टाकीला तडा जाण्याची भीती होती. मिशिगन, ओहायोसारख्या बर्फाळ राज्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथून आलेल्या ट्रकांमध्ये पेट्रोल भरायची लोखंडी नळीच गंजून पोखरलेली सापडते. कोड सारखाच दिसला तरी गाडी कुठं राहिली यावर कारण बदलतं, म्हणून जुना ट्रक आला की मेस्त्री आधी तो कुठला हे विचारतात.

नवा व्हेंट व्हॉल्व्ह, उंचावर नेलेली नळी, गाळणी. कॅनिस्टरमधून हवा नीट पार होते आहे याची खात्री करून घेतली. धूळ कोळशापर्यंत पोचली असती तर डबाही बदलावा लागला असता. इथं काम संपलं असं बिल करणारे आहेत. मेस्त्री थांबले नाहीत, कारण व्हेंट तुंबलेला असताना संगणकाची चाचणी पहिल्या पायरीवरच अडते. गळती शोधण्याची पुढची पायरी या ट्रकमध्ये कित्येक महिने झालेलीच नसणार. तुंबण्याच्या आड दुसरा दोष लपलेला असू शकतो.

म्हणून धुराचं यंत्र काढलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तशीच ही रीत. पाण्याच्या जागी खनिज तेलाचा पांढरा धूर, नायट्रोजनसोबत, अत्यंत कमी दाबानं आत सोडायचा. दाब एक पीएसआयच्याही खाली ठेवावा लागतो, नाहीतर चांगले जोडही उसवतात. यंत्राला काचेची उभी नळी असते, तिच्यात एक छोटी गोळी. आतून धूर जितका वाहतो तितकी गोळी वर चढते. आधी मेस्त्रींनी एक मिलिमीटरचं प्रमाणित छिद्र जोडून गोळी किती वर जाते तिथं खूण केली. मग स्कॅनरवरून व्हेंट बंद केला आणि धूर ट्रकच्या नळीत सोडला. गोळी त्या खुणेच्या किंचित वर जाऊन थरथरत राहिली.

गळती होती.

धूर सावकाश भरतो, त्याला वेळ द्यावा लागतो. गॅरेजचे पंखे बंद केले. विजेरीचा झोत तिरका धरून मेस्त्रींनी नळीचा प्रत्येक जोड, झाकण, कॅनिस्टरच्या कडा पाहिल्या. बऱ्याच वेळानं टाकीच्या वरच्या काठावरून एक पुसट पांढरी रेघ खाली उतरताना दिसली. ती निघते कुठून हे मात्र दिसेना, कारण टाकीच्या वर हौद्याचा पत्रा. अशा वेळी टाकी खाली उतरवायची पद्धत आहे, पण भरलेली टाकी जड आणि धोक्याची. मेस्त्रींनी दुसरी वाट धरली: बॅटरीची तार काढली, मागच्या दिव्यांची वायर सोडवली, पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू काढले, हौद्याचे बोल्ट सैल केले आणि हौदा एका बाजूनं उचलून ठोकळ्यांवर टेकवला. तरुण वाकून बघत होता.

"ती बघ. रिंगच्या कडेला. दिसली का?"

टाकीच्या माथ्यावर पेट्रोल पंपाचं तोंड एका गोल लॉक रिंगनं दाबलेलं असतं, आणि रिंगखाली रबरी सील. तिथून सुईच्या टोकाएवढ्या जागेतून धूर निघत होता. रिंग नवी चकचकीत होती, पंपही नवा होता. पंप बदलणाऱ्यानं जुनं सील परत बसवलं होतं. पेट्रोल पिऊन फुगलेलं रबर एकदा बाहेर काढलं की खोबणीत पहिल्यासारखं बसत नाही. या सीलची एक बाजू चिमटली गेली होती. ही गळती थेंबाची नव्हती, कारण ती पेट्रोलच्या पातळीच्या वर होती. खाली ओल नाही, जमिनीवर डाग नाही. टाकी भरून उन्हात उभी केली तरच हलका वास यायचा, आणि तरुणाला तो जुन्या गाडीचा वास वाटत होता.

सील बदललं, रिंग आवळली, धूर पुन्हा सोडला. गोळी काचेच्या तळाशी बसून राहिली.

तरी खरा निकाल गाडीच्या संगणकानंच द्यायचा असतो. त्याच्या अटी कडक: इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली हवी, बाहेरची हवा फार गार किंवा फार तापलेली नको. खोऱ्यात उन्हाळ्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ही चाचणी सुरूच होत नाही. मेस्त्रींनी त्याला सांगितलं, "टाकी अर्धी ठेव, पहाटे खिंडीतून कामाला निघ, आणि कोड पुसायला कुणालाही हात लावू देऊ नकोस." पहाटेच्या अशा फेऱ्यांतच चाचणी पूर्ण झाल्याची नोंद आली. पी०४४६ नाही, पी०४४२ नाही.

एक सूचना त्यांनी जाताना आवर्जून दिली. पंपाचं नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं, आणखी दोन-चार दाब देऊन काठोकाठ भरायचं नाही. जादा पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजतो, दाण्यांचा भुगा होतो आणि तो भुगा पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो. तरुण म्हणाला, साताऱ्यात बाबा स्कूटरची टाकी अशीच गळ्यापर्यंत भरतात. "मग त्यांनाही सांग," मेस्त्री म्हणाले. भारतात आता नव्या दुचाक्यांनाही असा कोळशाचा डबा असतो. आपली पीयूसी तपासणी फक्त सायलेन्सरच्या तोंडाशी होते. टाकीतून, नळ्यांतून किती वाफ निसटते ते तिथं कुणी पाहत नाही. त्यामुळे तिकडे डब्याची काळजी घेणं मालकावरच येऊन पडतं.

धुळीनं भरलेला व्हॉल्व्ह आणि चिमटलेलं सील एका पिशवीत घालून तरुणानं बागायतदाराला नेऊन दाखवलं. त्या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं की आपण झाकणांवर घातलेले पैसे भलत्या ठिकाणी गेले. त्यानं दुरुस्तीचा अर्धा खर्च दिला, आणि पुढे बागेतले आणखी दोन ट्रक मेस्त्रींकडे पाठवले. त्याच मॉडेलचे, त्याच धुळीत चालणारे, आणि त्या तरुणानं फोनवर आधीच सांगितलेलं: दोघांचेही व्हेंट व्हॉल्व्ह बदलून टाका. मेस्त्रींनी पहिल्याचा बदलला. दुसऱ्याचा व्हेंट त्यांनी सोडवून पाहिला, हवा मोकळी जात होती, म्हणून परत जसाच्या तसा बसवला; त्या ट्रकचा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला होता, आणि पेट्रोल भरल्यावर इंजिन लवकर चालू होत नाही ही चालकाची तक्रार त्यातूनच निघाली.